कोमट पाण्याचा हिशेब

न्यू जर्सीत किंवा ऑन्टारिओत घर घेतलं, मुलं जरा मोठी झाली, की परसात पूल हवा असा धोशा सुरू होतो. जमीन खणून बांधलेला पूल म्हणजे घराच्या कर्जात आणखी मोठ्या खर्चाची भर, त्यामुळे पुष्कळ घरांत जमिनीवर उभा राहणारा पूल येतो. स्टीलच्या किंवा रेझिनच्या चार-साडेचार फुटी भिंती, आत व्हिनाइलचं अस्तर, बाजूला पंप आणि फिल्टर, चढायला शिडी. सगळे त्याला अबव्ह-ग्राउंड पूल म्हणतात, आपणही तेच म्हणू. मे महिन्याच्या शेवटी मेमोरियल डेच्या सुमारास तो उघडायचा आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला, बंद करायचा अशी ईशान्य अमेरिकेतली रीत आहे. हातात जेमतेम चौदा आठवडे.

त्यातला जून निम्मा वाया जातो. दुपारची हवा ८० अंश फॅरनहाइटवर गेलेली असते, पण पाणी अजून ७० च्या खाली रेंगाळत असतं. मुलं उडी मारतात, थोड्याच वेळात त्यांचे ओठ निळे पडतात आणि टॉवेल गुंडाळून ती काठावर कुडकुडत बसतात. उन्हाळ्यापुरते पुण्याहून, नाशिकहून आलेले आजी-आजोबा तर पायसुद्धा बुडवत नाहीत. “आजी, तू पण ये ना!” म्हणून नातवंडं ओरडत असतात, आणि पाण्यात चालण्याने जिच्या गुडघ्यांना सगळ्यांत जास्त आराम पडला असता ती खुर्चीतच बसून राहते. ऑगस्ट सरताना रात्री गार पडू लागल्या की पुन्हा तीच गत. मग कुणीतरी म्हणतं, हीटर बसवून टाकू.

ही पुस्तिका त्या वेळेला हाताशी असावी म्हणून लिहिली आहे. पूलच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, “पूल केवढा आहे?” आणि उत्तर ऐकताच एका खोक्याकडे बोट दाखवलं जातं. त्या खोक्यावरचा मोठा आकडा खोटा नसतो, पण त्याच्या जोरावर घेतलेला हीटर कित्येक घरांत पहिलं बिल आल्यावर बंद पडून राहतो. माझ्या मते या सगळ्या कामात हीटरची निवड शेवटी यायला हवी. त्याआधी पाणी किती आहे, त्यातली उष्णता कुठून पळते आणि आपलं घर नेमकं कसं पोहतं, या तीन गोष्टींचा छडा लावायचा. त्या कळल्या की हीटर कोणता घ्यायचा हे बहुतेक वेळा आपोआप ठरतं.

पाण्यापासून सुरुवात करू. २४ फूट व्यासाचा गोल पूल या प्रकारात खूप चालतो. त्यात चार फूट पाणी भरलं तर ते साधारण १३,५०० गॅलन होतं, म्हणजे सुमारे ५१,००० लिटर. हीटरच्या खोक्यावर बीटीयू हे एकक असतं. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला लागणारी उष्णता म्हणजे एक बीटीयू. गॅलनभर पाण्याचं वजन ८.३४ पौंड. गुणाकार केला की दिसतं, हे पाणी दहा अंशांनी, समजा ७० वरून ८० वर, न्यायला सव्वाअकरा लाख बीटीयू लागतात. विजेच्या मापाने ३३० युनिट. यात हवेला, वाऱ्याला, रात्रीला काहीच द्यावं लागत नाही असं धरलं आहे.

गॅस जाळा, वीज वापरा नाहीतर ऊन गोळा करा, पाण्याला एवढी उष्णता द्यावीच लागते. फरक पडतो तो ती किती वेळात मिळते, किती पैशांत मिळते आणि मिळालेली किती टिकते यात. पहिल्या दोन गोष्टींनी जाहिराती भरलेल्या असतात. तिसरीबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि बिलाचा मोठा भाग तिथेच ठरतो.

माठातलं पाणी गार का होतं हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पाझरलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. परसातला पूल हा २४ फूट तोंडाचा माठ आहे. पौंडभर पाणी एका अंशाने तापवायला एक बीटीयू पुरतो, पण ८० अंशांवरचं तेच पौंडभर पाणी वाफ होऊन गेलं तर १,०४८ बीटीयू घेऊन जातं. चार फूट खोल पाण्याचा वरचा पाव इंच उडाला तर सगळा पूल साडेपाच अंशांनी उतरेल इतकी उष्णता त्याच्याबरोबर गेली. दिवसा ऊन त्यातली बरीच भरून काढतं, रात्री मात्र नुसतं जातच राहतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशेबाने उघड्यावरच्या पूलमधून जाणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे ७० टक्के बाष्पीभवनाने जाते आणि २० टक्क्यांच्या आसपास आकाशाकडे किरणांवाटे. बाकी सगळ्या वाटा मिळून उरलेले दहा टक्के.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं. संध्याकाळी पंप बंद करून पाणी स्थिर झालं की स्किमरच्या, म्हणजे भिंतीतून पाणी ओढून घेणाऱ्या खिडकीच्या, तोंडाशी, पाण्याच्या रेषेवर, पेन्सिलीने बारीक खूण करावी. सकाळी पंप सुरू करण्याआधी तिथे पुन्हा बघावं. कोरड्या, वाऱ्याच्या रात्रीनंतर खूण पाण्याच्या वर उघडी पडलेली असते. दुसऱ्या रात्री कव्हर घालून हेच करावं, मग खूण जवळपास जागेवर सापडते. सप्टेंबरातल्या गार पहाटे हीटरने तापवलेल्या उघड्या पूलवर धुकं तरंगताना दिसतं. दिसायला ते फार सुंदर असतं, आणि आदल्या दिवशी पैसे मोजून घेतलेली उष्णता त्या धुक्यातून निघून जात असते.

म्हणून पहिली खरेदी कव्हरची. बुडबुड्यांचं सोलर कव्हर कात्रीने पूलच्या मापाचं कापता येतं. बुडबुड्यांची बाजू खाली, पाण्याला टेकलेली ठेवायची. कव्हरमुळे पाणी तापवण्याचा खर्च ५० ते ७० टक्क्यांनी उतरू शकतो असं ऊर्जा खातं सांगतं. गडद रंगाचं कव्हर जास्त ऊन ओढेल अशी पुष्कळांची समजूत असते. पाण्याच्या बाबतीत ती चुकीची आहे. पारदर्शक बुडबुड्यांचं कव्हर पाण्यापर्यंत पोचणारं ऊन फक्त ५ ते १५ टक्क्यांनी कमी करतं, अपारदर्शक व्हिनाइलचं कव्हर २० ते ४० टक्क्यांनी. ऊन कव्हरवर अडण्यापेक्षा पाण्यात उतरलेलं बरं.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण ती पैशांपेक्षा मोठी आहे. सोलर कव्हर हे सुरक्षेचं कव्हर नव्हे. त्यावर पाय पडला तर ते आत जातं, मूल त्याखाली गुरफटतं आणि वरून काही दिसतही नाही. पोहण्याआधी ते पूर्ण काढायचं, अर्धवट गुंडाळून कुणालाही पाण्यात उतरू द्यायचं नाही आणि मोठं माणूस जवळ नसेल तेव्हा शिडी काढून ठेवायची.

अबव्ह-ग्राउंड पूलच्या दोन खोडी जमिनीतल्या पूलला नसतात. त्याच्या भिंतींना मातीचं पांघरूण नसतं, आणि पाण्याचा पृष्ठभाग जमिनीपासून चार फूट वर, थेट वाऱ्याच्या वाटेत असतो. वारा पाण्यावरची दमट हवा सतत पुढे ढकलतो आणि बाष्पीभवन झपाट्याने वाढतं. वारा येतो त्या बाजूला उंच कुंपण किंवा दाट झुडपांची रांग असली तर हीटरचं काम हलकं होतं. पूल अजून बसवायचा असेल तर तो दिवसभर ऊन लागेल आणि वारा अडेल अशा कोपऱ्यात बसवावा. या निर्णयाला एक डॉलरही लागत नाही आणि पूल टिकेल तितकी वर्षं त्याचा फायदा मिळतो.

मग प्रश्न उरतो तो किती तापवायचं याचा. ७८ ते ८२ अंश फॅरनहाइट हे पोहण्याला सोयीचं पाणी मानतात. स्पर्धांसाठीचं पाणी २५ ते २८ अंश सेल्सिअस ठेवतात, म्हणजे जवळपास तेच. पण आजींना पाण्यात उतरवायचं असेल तर ८४ ते ८६ लागतं, आणि इथे घरातल्यांनी मोकळेपणाने बोलून घ्यावं, कारण पुढचा प्रत्येक अंश खर्च १० ते ३० टक्क्यांनी वाढवतो. चार अंशांचा हट्ट महिन्याच्या बिलात ठळक दिसतो. आजी रोज उतरणार असतील तर तो हट्ट माझ्या मते सार्थ आहे. सांधे दुखणाऱ्या माणसाला पाण्यात वजन हलकं होऊन चालता येणं ही चैन नव्हे. पण आजी आठवड्यातून एकदाच पाय बुडवणार असतील तर पाणी ८० वर ठेवून त्या एका दिवसापुरतं वाढवणं परवडतं.

आता यंत्रांकडे येऊ. इथे हीट पंपाबद्दल सविस्तर लिहितो, कारण त्याच्याबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. १८५० च्या दशकात ऑस्ट्रियातल्या एबेनझेच्या मीठ कारखान्यात पीटर फॉन रिटिंगर नावाच्या अभियंत्याने खारं पाणी उकळताना सुटणारी वाफ दाबून तिचीच उष्णता पुन्हा त्या पाण्याला देण्याचा प्रयोग केला. बाष्पीभवनात वाया जाणारी उष्णता त्याला परत हवी होती. त्याच काळात, १८५२ मध्ये, विल्यम थॉमसन म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन यांनी यंत्राच्या साह्याने बाहेरच्या हवेतून उष्णता उचलून इमारत उबदार करता येईल हे मांडलं. आजचा पूलचा हीट पंप त्याच विचारावर चालतो. पंखा बाहेरची हवा ओढतो, थंड नळ्यांमधलं रेफ्रिजरंट त्या हवेतली उष्णता घेऊन वायू होतं, कॉम्प्रेसर ते दाबून गरम करतो आणि टायटॅनियमच्या नळीतून ती उष्णता पाण्याला मिळते. वीज खर्च होते ती मुख्यतः कॉम्प्रेसर आणि पंखा फिरवायला. म्हणूनच एक युनिट वीज घालून तीन ते सात युनिट उष्णता मिळते. या गुणोत्तराला सीओपी म्हणतात.

घोळ होतो तो खोक्यावरच्या आकड्यात. “६५,००० बीटीयू” असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. त्याखाली बारीक अक्षरांत तीन आकडे असतात, ८०-८०-८०. हवा ८० अंश, आर्द्रता ८० टक्के, पाणी ८० अंश, असा त्याचा अर्थ. हा जुलैमधल्या फ्लोरिडाचा दिवस झाला. त्याच तक्त्यात आणखी एक ओळ शोधावी, हवा ५० अंश आणि आर्द्रता ६३ टक्के असतानाची. तिथला बीटीयूचा आकडा पार खाली उतरलेला दिसतो, पुष्कळदा निम्म्याच्या जवळ. न्यू जर्सीत मेमधल्या आणि सप्टेंबरातल्या रात्री या दुसऱ्या ओळीच्या जवळ असतात, आणि हीटरची खरी गरज त्याच दिवसांत असते. दोन यंत्रांची तुलना करायची तर या ओळीवरून करावी. हवा ५० अंशांच्या खाली गेली की बहुतेक साधे हीट पंप नीट काम देत नाहीत, तेव्हा रात्री ते बंद ठेवून दुपारच्या उबदार तासांत चालवणं शहाणपणाचं.

साध्या १२० व्होल्टच्या प्लगवर चालणारे छोटे हीट पंपही मिळतात आणि इलेक्ट्रिशियनचा खर्च वाचतो म्हणून मोह होतो. अशा प्लगमधून सतत घेता येणारी वीज दीड किलोवॅटच्याही आतच असते. सीओपी पाच धरला तरी तासाला २५,००० बीटीयूपेक्षा जास्त मिळणं कठीण. आपल्या २४ फुटी पूलला दहा अंश चढवायला त्याला हवेचा विरोध नसतानाही जवळजवळ दोन दिवस लागतील, आणि उघड्या पूलवर तर दिवसभराची कमाई रात्रीच उडून जाईल. बारा-पंधरा फुटी छोट्या पूलला तो छान चालतो. मोठ्याला २४० व्होल्टची वेगळी लाइन टाकून घ्यावी.

गॅसच्या हीटरचं बळ वेगात आहे. दीड लाख बीटीयूचा हीटर ८२ टक्के कार्यक्षमतेने पाण्याला तासाला सव्वा लाखाच्या जवळ देतो. म्हणजे आपला पूल नऊ-साडेनऊ तासांत दहा अंश वर. हवा थंड असली तरी त्याच्या शक्तीत फरक पडत नाही. ८२ टक्के ही २०१३ पासून अमेरिकेत नव्या गॅस पूल हीटरसाठीची किमान मर्यादा आहे, त्यामुळे परिचिताकडून जुना हीटर स्वस्तात मिळत असेल तर तो किती जुना आहे हे विचारावं. घरात नैसर्गिक गॅसची लाइन असेल आणि कुटुंब फक्त शनिवार-रविवारी पोहत असेल, तर मी गॅसच सुचवेन. शुक्रवारी संध्याकाळी सुरू करायचा, रविवारी बंद. रोज पाणी उबदार ठेवायचं असेल तर मात्र त्याचा खर्च जड जातो. प्रोपेनचा तर आणखी. बार्बेक्यूचा २० पौंडी सिलिंडर सुमारे ४.३ लाख बीटीयूचा असतो. दहा अंश चढवायला असे तीनहून जास्त सिलिंडर रिकामे होतात.

सौर पट्ट्यांची गोष्ट वेगळी आहे. कॅलिफोर्नियात १९६९ मध्ये स्थापन झालेल्या फाफ्को कंपनीने पूलसाठी काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या बनवायला सुरुवात केली, आणि आजही तंत्र तसंच साधं आहे. पूलचाच पंप पाणी पट्ट्यांतून फिरवतो, ऊन ते तापवतं, इंधनाचा खर्च नाही. पण क्षेत्रफळाला पर्याय नाही. पूलच्या पृष्ठभागाच्या निदान निम्म्या क्षेत्रफळाच्या पट्ट्या लागतात, थंड प्रदेशात पृष्ठभागाइतक्याच. आपल्या पूलचा पृष्ठभाग ४५० चौरस फूट, म्हणजे २२५ चौरस फूट तरी हव्यात. अबव्ह-ग्राउंड पूलसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या संचात पुष्कळदा ४ बाय २० फुटांची एकच पट्टी असते, ८० चौरस फुटांची. ती कुंपणाला टेकवून ठेवणाऱ्याची निराशा होते आणि तो म्हणतो, सोलर चालत नाही. तिप्पट क्षेत्रफळ, दक्षिणेकडे तोंड आणि दुपारचं निखळ ऊन मिळालं तर सोलर उत्तम चालतं. छप्पर उंच असेल तर लहान पंपाला तिथवर पाणी चढवणं जड जातं, म्हणून जमिनीवर तिरपा सांगाडा उभारलेला चांगला. ढगाळ आठवड्यात मात्र हात टेकावे लागतात.

नुसत्या विजेच्या कॉइलचे हीटर छोट्या स्पासाठी ठीक. मोठ्या पूलला लावू नयेत.

पैशांचं गणित प्रत्येकाने स्वतःच्या बिलावरून करावं, कारण दर गावागणिक बदलतात. रीत दाखवण्यापुरते दर धरतो. वीज १८ सेंट युनिट, नैसर्गिक गॅस दीड डॉलर थर्म (गॅसच्या बिलावरचं एकक) आणि प्रोपेन साडेतीन डॉलर गॅलन. सीओपी पाचच्या हीट पंपाला आपल्या दहा अंशांसाठी ६६ युनिट, म्हणजे सुमारे १२ डॉलर. गॅसला पावणेचौदा थर्म, २० डॉलरच्या वर. प्रोपेनला १५ गॅलन, ५० डॉलरपेक्षा जास्त. कॉइलला सरळ ३३० युनिट, जवळजवळ ६० डॉलर. हीट पंप घेताना महाग पडतो, चालवताना स्वस्त. गॅस हीटर बहुधा उलट. मुलं रोज पोहणार, आजी-आजोबा चार महिने असणार, अशा घरात मला कव्हर आणि २४० व्होल्टचा हीट पंप हीच जोडी योग्य वाटते.

बसवण्याबाबत दोन गोष्टींत तडजोड नको. पाण्याची वाट स्किमर, पंप, फिल्टर, हीटर आणि सर्वांत शेवटी क्लोरिनेटर अशीच हवी. क्लोरिनेटर हीटरच्या आधी लागला, किंवा पाण्याचा पीएच ७.२ च्या खाली राहू लागला, तर गॅस हीटरमधलं तांबं झिजतं, पाण्याला हिरवट झाक येते आणि हीटर अकाली जातो. दुसरी गोष्ट विजेची. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमधलं ६८० वं कलम पूलबद्दलच आहे. पूलची स्टीलची भिंत, पंप, हीटर आणि आसपासचं धातूचं सामान तांब्याच्या जाड तारेने एकमेकांना जोडायला ते सांगतं, म्हणजे ओल्या माणसाच्या दोन हातांमध्ये व्होल्टेजचा फरक राहत नाही. याला बाँडिंग म्हणतात, आणि ते साध्या अर्थिंगपेक्षा वेगळं काम आहे. एक्स्टेंशन कॉर्ड ओढून हीटर चालवू नये. टाउनशिपचं परमिट काढून, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच हे करून घ्यावं, आणि गॅसची जोडणीही तशीच.

पुढच्या प्रकरणांत हे सगळं आकृत्यांसह आणि वेगवेगळ्या मापांच्या पूलसाठी मांडलं आहे. १५ आणि १८ फुटी गोल, २७ फुटी गोल, १५ बाय ३० चा लांबट, प्रत्येकाचे गॅलन आणि बीटीयू काढून दिले आहेत. ज्यांच्याकडे हीटर आधीच आहे त्यांनी शेवटचं प्रकरण आधी वाचलं तरी चालेल. ते पूल बंद करण्याबद्दल आहे. पाणी गोठवणारी पहिली थंडी पडायच्या आत हीटरमधलं पाणी पूर्ण काढावं लागतं. आत राहिलेलं पाणी गोठून फुगतं, नळ्या फुटतात, आणि हे कळतं ते पुढच्या मे महिन्यात, हीटर पुन्हा सुरू केल्यावर.